मुलांना ढग समजावून सांगायचेत? आधी कापूस कपाटात ठेवा

जून आला की शाळेतून जलचक्राचा प्रोजेक्ट येतो आणि घरोघरी तोच कारखाना सुरू होतो. निळा कार्डशीट, त्यावर फेव्हिकॉलने चिकटवलेला कापूस, कापसाखाली स्केचपेनच्या तिरक्या रेघा, कोपऱ्यात हसरा सूर्य. मार्क मिळतात, चार्ट कपाटावर जातो. नंतर त्याच पोराला विचारा की ढग कशाचा असतो, तर "वाफेचा". पाऊस कसा पडतो, तर "ढग भरला की फुटतो". बरं, चार्टवर तेच तर काढलेलं होतं, त्याची काय चूक.

मी शिक्षिका वगैरे नाही, आमच्या सोसायटीतली पोरं सुट्टीत गच्चीवर घेऊन बसते एवढंच. पण हे करता करता काय चालतं आणि काय अजिबात चालत नाही ते बऱ्यापैकी कळलंय, म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्या आईबाबांसाठी, मावशी-मामांसाठी, नवीन लागलेल्या शिक्षकांसाठी हे लिहितेय. वय साधारण सहा ते अकरा धरा.

सगळा खटाटोप एका गोष्टीसाठी आहे. ढग ही पिशवी नाही, स्पंज नाही, वस्तूच नाही खरं तर. हवा वर जाते, गार होते आणि तिच्यातलं न दिसणारं पाणी बारीक थेंबांच्या रूपात दिसायला लागतं, जिथे दिसतं तिथे आपण म्हणतो ढग आला. तो एकीकडून बनत असतो आणि दुसरीकडून विरत असतो. हे एकदा पोराच्या डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न ते स्वतःच सोडवतं.

काय काय लागेल

- कोल्ड्रिंकची रिकामी दोन लिटरची बाटली, झाकणासकट (पाण्याची पातळ बाटली नको, ती चेपली की चेपलेलीच राहते)
- उदबत्ती आणि काडेपेटी, दोन्ही मोठ्यांच्या हातात
- टॉर्च, मोबाइलचा चालेल
- काळं दप्तर किंवा काळी ओढणी, मागे धरायला
- स्टीलचा ग्लास, बर्फ, कोकम सरबत
- चहाची किटली किंवा चोच असलेलं कुठलंही भांडं
- वही, पेन्सिल, खडू. फोटो मोठ्यांनी काढा, मुलांनी चित्रच काढायचं

विकत आणायचं असं जवळपास काहीच नाही.

१. आधी महिना बघा, मग वेळ ठरवा

हे कोणी सांगत नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकाकडे आभाळ कोरं करकरीत असतं, मुलं दहा मिनिटांत कंटाळतात. जुलैत उलटं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच राखाडी चादर, त्यात बघणार काय. मजा असते मेच्या शेवटी वळवाच्या दिवसांत आणि नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. सकाळी अकराच्या सुमारास आभाळात छोटे छोटे पांढरे पुंजके उगवायला लागतात आणि दुपारपर्यंत काही विरतात, काही फुगत जातात. तो तमाशा बघायला मिळाला पाहिजे.

पोरांना सावलीत बसवा, सूर्याकडे पाठ करून. सूर्याकडे थेट बघायचं नाही हे आधी सांगा, मध्ये सांगा, परत सांगा. काळा चष्मा घातला म्हणून चालतं असंही काही नाही.

२. एक ढग पकडा आणि गप्प बसा

प्रत्येकाने एकच छोटा पुंजका निवडायचा, वहीत काढायचा, पाच मिनिटांनी परत काढायचा, अजून पाच मिनिटांनी परत. तोपर्यंत तुम्ही काहीही शिकवायचं नाही. हे मोठ्यांना जड जातं. "बघ बघ ससा दिसतोय" पासून "याला म्हणतात बाष्पीभवन" पर्यंत सगळं गिळून टाका.

होतं काय की छोटा ढग बरेचदा दहा-पंधरा मिनिटांत चक्क गायब होतो. आमच्याकडे एका दुसरीतल्या पोरीने तक्रारच केली, "मावशी, माझा ढग कोणीतरी घेतला." शेजारच्या मुलाचा तोवर डबल झालेला. मग भांडण, मग प्रश्न: वारा तर फार नव्हता, दुसरीकडे गेलेला दिसला नाही, मग गेला कुठे? हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला की तुमचं अर्धं काम झालं. उत्तर लगेच देऊ नका, खाली घरात चला.

३. न दिसणारं पाणी दाखवा

इथे सगळ्यात मोठा घोळ आहे. किटलीतून येतं ते पांढरं धुराड्यासारखं, त्याला आपण सगळेच वाफ म्हणतो, पण खरी पाण्याची वाफ दिसतच नाही. पाणी खळाखळा उकळू द्या आणि लांबूनच मुलांना चोचीकडे नीट बघायला लावा. चोचीला अगदी लागून बोटभर जागा रिकामी दिसते, पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं. त्या रिकाम्या जागेत खरी वाफ आहे. पुढे गार हवेत तिचे थेंब झाले की पांढरं दिसतं आणि अजून पुढे ते पांढरंही हवेत विरून जातं. गच्चीवरचा गायब झालेला ढग इथे आठवून द्या. तोही असाच विरला, पाणी हवेतच आहे, फक्त दिसेनासं झालंय. मुलांना किटलीपासून हातभर लांब ठेवा, ती रिकामी दिसणारी जागाच सगळ्यात जास्त भाजते.

मग ग्लास. स्टीलच्या ग्लासात बर्फ घालून गच्च लाल कोकम सरबत करा, टेबलावर ठेवा. बाहेरून घाम येतो. साध्या पाण्याचा ग्लास घेतला तर हमखास एक जण म्हणतो ग्लास गळतोय. कोकम असलं की बाहेरचा थेंब बोटावर घेऊन बघता येतो, तो पांढरा स्वच्छ, लाल नाही, गोडही नाही (हो, चाटणारच आहेत). म्हणजे हा आतून आला नाही, हवेतून आला. कोकणात, मुंबईत, गोव्यात हे एका मिनिटात होतं. विदर्भात किंवा सोलापूरकडे एप्रिलच्या कोरड्या दुपारी वेळ लागतो, कधी होतच नाही, अशा वेळी प्रयोग फसला म्हणून हिरमुसू नका, "आज हवेत पाणी कमी आहे" हेच तर त्याचं उत्तर आहे.

पाणी हवेत जायला उकळावं लागत नाही हेही इथेच उरकून घ्या. दोरीवरचे कपडे वाळतात ते काय उकळून? आणि पावसाळ्यात तेच कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात आणि वास मारतात, कारण हवेत आधीच भरपूर पाणी असतं. हे प्रत्येक घरात माहीत असतं, मुलं लगेच मान डोलावतात.

४. बाटलीत ढग बनवा

हा खरा हिरो. नेटवर बरणी, गरम पाणी आणि वर बर्फाची ताटली असा प्रयोग जास्त दिसतो, तो वाईट नाही, पण त्यात गारवा बर्फातून येतो आणि आभाळात बर्फाची ताटली कोणी ठेवलेली नसते. बाटलीत गारवा हवेच्या फुगण्यातून येतो, आभाळातही तसंच होतं.

बाटलीत दोन चमचे कोमट पाणी घाला, हलवून आतून सगळीकडे ओली करा, झाकण घट्ट लावा. दोन्ही हातांनी जोर लावून दाबा, चार-पाच सेकंद धरा, झटकन सोडा. काही दिसणार नाही, किंवा अगदी पुसटसं. हे मुद्दाम आधी करायचं, वगळू नका.

आता झाकण काढा, पेटवून विझवलेली उदबत्ती तोंडाशी धरा, बाटली थोडी चेपून सोडा म्हणजे ती धूर आत ओढून घेईल. थोडाच धूर हवा, देवघरासारखा नको. झाकण लावा, मागे काळं दप्तर, बाजूने टॉर्च. दाबा. सोडा. सोडल्यासोबत आत पांढरं धुकं. परत दाबा, गायब. परत सोडा, हजर. एवढ्या आरडाओरड्यात खालचे काका वर येऊन विचारतात काय चाललंय.

आता यातल्या दोन गोष्टी मुलांकडून काढून घ्यायच्या. पहिली, ढग दाबल्यावर नाही तर सोडल्यावर आला. सगळ्यांना वाटत असतं दाबल्यावर येईल. सोडलं की आतली हवा फुगते आणि फुगताना गार होते, म्हणून वाफेचे थेंब होतात. जमिनीजवळची तापलेली हवा वर जाते तिथे दाब कमी असतो, तीही फुगते आणि गार होते, कोरडी हवा दर किलोमीटरला साधारण १० अंश सेल्सिअस गार होत जाते. दुसरी गोष्ट, धूर नसताना ढग आला नाही. थेंबाला बसायला काहीतरी कण लागतो. आभाळात तो धुळीचा असतो, धुराचा असतो, समुद्रावरून उडालेल्या मिठाचा असतो.

इथे एखादं हुशार पोर विचारतंच, "वर तर सूर्य जवळ, मग वर गार कसं?" सूर्य साधारण १५ कोटी किलोमीटर लांब आहे, त्यात आपण दोन किलोमीटर वर गेलो तर काय जवळ जाणार. सूर्य जमीन तापवतो, जमीन हवा तापवते, म्हणून जमिनीजवळ जास्त गरम.

एक सावधगिरी: शेव्हिंग फोमचा जो प्रयोग फिरतोय, ग्लासात पाणी, वर फोम, फोमवर निळी शाई टाकली की खाली गळते, तो दिसतो भारी पण शिकवतो चुकीचं. त्यातून मुलाला कळतं की ढग म्हणजे वर ठेवलेला स्पंज आणि तो भरला की गळतो. कापसाचा चार्टही त्याच जातीचा. शाळेने मागितला तर करा बापडे, पण समजावून सांगण्यासाठी नको.

५. मग तो खाली का पडत नाही?

पडतो! पण इतका हळू की कळत नाही. ढगातला एक थेंब साधारण ०.०२ मिलिमीटरचा असतो, आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. सकाळी खिडकीतून कवडसा येतो तेव्हा त्यात तरंगणारी धूळ मुलांना दाखवा. ती धूळही पडतच असते, पण हवा जरा हलली की परत वर. ढगातल्या थेंबांचं तसंच आहे, ते सेकंदाला सेंटिमीटरभर खाली येतात आणि खालून वर येणारी हवा त्यांना उचलून धरते.

मग वजनाचा धक्का द्या. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच असा पांढराशुभ्र पुंजका घेतला तर त्यात साधारण ५०० टन पाणी असतं. सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर मुलांना पाठ असतो, तसे पन्नास टँकर. आणि ते डोक्यावर आहेत. मोठेही जरा वर बघतात यावर.

जमलं तर पावसाळ्यात एकदा घाटात न्या. माळशेज, ताम्हिणी, आंबोली, कुठेही, जिथे "धुकं आलं" म्हणतात ते बरेचदा डोंगराला टेकलेला ढगच असतो. गाडीतून उतरून पाच मिनिटं नुसतं उभं राहा. पाऊस पडत नसतो तरी चष्म्याची काच, भुवया, स्वेटरचे केस यांवर बारीक थेंब जमतात, कठड्यावरचं कोळ्याचं जाळं तर मोत्यांसारखं भरून जातं. ढगाच्या आत काय असतं हे नंतर सांगावं लागत नाही. (रस्त्याच्या कडेला गाडी लावून नाही, नीट पार्किंगच्या जागी. आणि कणीस नंतर.)

६. पाऊस आणि काळा रंग

पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले साधारण दहा लाख बारके थेंब एकत्र यावे लागतात. काही एकमेकांवर आदळून मोठे होतात, खूप उंच ढगांत बर्फाचे कण वाढत जातात आणि खाली येताना वितळतात, फारच मोठे झाले आणि वितळायला वेळ मिळाला नाही तर गारा. म्हणून ढग आला की पाऊस आलाच असं नाही, थेंब मोठे व्हायला हवेत.

काळा ढग म्हणजे घाण ढग नाही, त्यात काळं पाणीही नाही. ढग पांढरा दिसतो कारण त्याचे थेंब सगळे रंग सारखेच इकडेतिकडे फेकतात. तो जाड झाला की वरचा उजेड खालपर्यंत फारच कमी पोचतो, म्हणून आपल्याला तळ काळा दिसतो. विमानातून त्याच ढगाचा माथा बघितला तर लख्ख पांढरा.

सह्याद्रीची गोष्ट आपल्या मुलांना सांगितलीच पाहिजे. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला धडकते, तिला वर चढावंच लागतं, वर गेली की गार आणि मग धो धो. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कमी, खाली वाईला तर अजून कमी. कारण पलीकडे हवा उतरते, उतरताना गरम होते, ढग विरतात. बाटली दाबल्यावर धुकं गेलं होतं ते इथे आठवतं का विचारा, मोठी मुलं पटकन जोडतात. आणि महाबळेश्वरलाच २०१२ पासून पुण्याच्या आयआयटीएमची (हवामानावर संशोधन करणारी सरकारी संस्था) ढगांची प्रयोगशाळा आहे, तिथे ढग स्वतः चालत येतात आणि शास्त्रज्ञ थेंब मोजतात, हे ऐकून दर वेळी एक-दोन जण तरी नोकरी पक्की करून टाकतात.

७. नावं शेवटी, आणि तीन-चारच

१८०२ साली लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषधवाल्याने, म्हणजे हवामानाचा कोणी मोठा प्रोफेसर नव्हे, ढगांना लॅटिन नावं सुचवली, तीच आजही जगभर चालतात. आता मुख्य प्रकार १० धरतात, पण लहानांना एवढे पुरे:

- सिरस: खूप उंच, केसांच्या बटांसारखे, बर्फाच्या कणांचे
- क्युम्युलस: फुगीर पुंजके, तळ सपाट
- स्ट्रेटस: सपाट थर, मळभ
- क्युम्युलोनिंबस: वळवाचा आणि विजांचा राक्षस, आपल्याकडे १५ किलोमीटरच्या वरही जातो

क्युम्युलसचा तळ सपाट का, हे जरूर विचारा. हवा ज्या उंचीवर पुरेशी गार होते तिथून ढग सुरू होतो, म्हणून आजूबाजूच्या सगळ्या पुंजक्यांचे तळ एकाच रेषेत असतात, कुणी पट्टी मारल्यासारखे.

मोठ्या मुलांना एक ट्रिक आवडते. आभाळात गोळ्यागोळ्यांचे ढग असतील तर हात सरळ लांब करा. एक गोळा मुठीएवढा दिसला तर ढग खालचा, अंगठ्याएवढा दिसला तर मधला, करंगळीच्या नखाएवढा तर खूप वरचा. अंदाजच आहे हा, पण बरा चालतो. वहीत रोज आभाळाचे आठ भाग कल्पून किती भाग झाकलेत ते लिहायला लावा. हवामानवाले खरंच आठातच मोजतात. मग हवामान खात्याच्या साइटवर इन्सॅट उपग्रहाचा त्याच वेळचा फोटो उघडा आणि आपलं गाव शोधा. आपण लिहिलेलं "८" तिथे पांढरं दिसलं की पोरं खूश.

८. विजेचं गंमत म्हणून नाही, नीट सांगा

म्हातारी हरभरे भरडतेय हे लहानांना सांगायला छान आहे, मीही सांगते. पण "दोन ढगांची टक्कर होते" हे सांगू नका, ते गोष्ट म्हणून नाही तर शास्त्र म्हणून डोक्यात बसतं आणि दहावीपर्यंत निघत नाही. उंच ढगात बर्फाचे कण आणि छोट्या गारा एकमेकांवर घासतात, त्यातून विद्युतभार साठतो, तो एकदम वाहतो ती वीज. तिच्या वाटेतली हवा क्षणात ३०,००० अंशांच्या आसपास तापते आणि स्फोटासारखी फुगते, तो गडगडाट.

वीज दिसल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, तीनाने भागा, तेवढे किलोमीटर लांब. हा खेळ घरात बसूनच. आवाज ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते, गच्चीवरून ताबडतोब खाली. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडखाली नाही, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. आयआयटीएमचं दामिनी ॲप, विजेचा इशारा देणारं, मोबाइलमध्ये असू द्या, विशेषतः गावाकडे शेतात जाणार असाल तर. एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात विजेचा सगळ्यात जास्त धोका.

९. हे प्रश्न येणारच

*ढगावर बसता येईल का?* नाही, आरपार खाली. विमान त्यातूनच जातं, धक्के बसतात ते आत वरखाली धावणाऱ्या हवेमुळे.

*विमानामागे पांढरी रेघ का?* इंजिनातून पाण्याची वाफ बाहेर पडते, तिथे इतकी थंडी असते की लगेच बर्फाचे कण होतात. रेघ लगेच पुसली गेली तर वरची हवा कोरडी, बराच वेळ राहिली तर दमट.

*ढगफुटीत ढग फुटतो का?* फुटत नाही. छोट्याशा भागात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला की हवामान खातं तसं म्हणतं. जोराचा पाऊस म्हणजे ढगफुटी नाही, हे व्हॉट्सॲपवरच्या मोठ्यांनाही सांगा.

*गरजेल तो पडेल काय, हे खरं का?* ढगाला लागू नाही, गरजणारा आपल्याकडे चांगला झोडपून काढतो. वहीत महिनाभर गडगडाट आणि पाऊस दोन्ही लिहू द्या, आजी-आजोबांशी वाद घालायला पुरावा होतो.

*विमानातून पाऊस पाडतात म्हणे?* पाडत नाहीत, ढगात मिठासारखे कण फवारतात म्हणजे थेंब लवकर मोठे व्हावेत. सोलापूरकडे आयआयटीएमने असे प्रयोग केलेत. पण आधी बरा ढग असावा लागतो, कोऱ्या आभाळातून काही निघत नाही.

उत्तर येत नसेल असा प्रश्न आला तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी शोधून सांगा. आमच्या वहीत सध्या "ढगांना वास असतो का" पासून "गुरूवर ढग कशाचे" पर्यंत बरंच साठलंय. दुसऱ्याचं उत्तर मिळालं, तिथले वरचे ढग अमोनियाच्या बर्फाचे आहेत.